व्हिएन्ना ते रोम, दीड तास

१२ फेब्रुवारी, अजमान

आज ऑफिसात साहेबांचं तिकीट काढलं, व्हिएन्ना ते रोम. फक्त दीड तास! मागच्या वर्षी ट्रेनिंगला मीच चार दिवस व्हिएन्नात होतो. ताई रोमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर. फोनवर म्हणाली, "येऊन जा रे." मी काही न बघताच म्हणालो, "लांब पडतं गं, पुढच्या वेळी नक्की." आईने वसईहून तिच्यासाठी घरी कुटून दिलेला आमचा बाटली मसालासुद्धा कुरियरने पाठवला आणि सुट्टीचा दिवस मॉलमध्ये घालवला. नाताळाआधी ताई देवाघरी गेली.

जबल अलीच्या ऑफिसातून अजमानला घरी यायला कंपनीच्या बसला रोज दोन तास लागतात, ते नाही मला लांब पडत!

आणि ताई तेव्हा काय म्हणाली? "हो रे, लांबच आहे." बारा वर्षं रोममध्ये काढलेल्या बाईला दीड तास ठाऊक नसेल?