फाटकावरून परत पाठवलेला माणूस

आई, मागच्या महिन्यात मी कुहीला जाऊन आले. एकटीच गेले, एसटीनं. ज्याच्या मेटॅडोरखाली आपला छोटू गेला, त्या माणसाच्या घरी. तू असतीस तर हातातलं काम टाकून आधी विचारलं असतंस, ‘कसा आहे वं तो?’ तेच सांगायला बसले आहे, पण ते सांगण्याआधी मला दुसरं एक सांगावं लागेल, आणि ते मी गेली अकरा वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही.

दवाखान्यामागच्या क्वार्टरमधली आपली दोन खोल्यांची जागा मला अजून जशीच्या तशी दिसते. तू ड्यूटीवरून येतेस, पांढरी साडी खुंटीला लावतेस, घरातलं लुगडं नेसतेस आणि पहिल्यांदा अंगणातली शेगडी पेटवतेस. बाबा रेल्वेच्या ऑफिसातून येऊन पेपर उघडून बसतात. जेवणाआधी प्रार्थना असायची. छोटू एक डोळा उघडा ठेवून भाजीत बटाटा किती आहे ते बघायचा, आणि तू डोळे मिटलेलेच ठेवून त्याच्या मांडीवर चापट मारायचीस. तुला कसं कळायचं, देव जाणे. चर्चमध्ये पाळकसाहेब मोठमोठे शब्द वापरायचे, मला त्यातलं फार काही आठवत नाही. आठवतं ते तू घरात केलेलं. एकदा आम्ही दोघं सायकलवरून भांडलो, दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू भिजलेली जाड चादर आणलीस, एक टोक माझ्या हातात दिलंस, एक त्याच्या. ‘पिळा,’ म्हणालीस. तो पिळायचा त्याच बाजूला मीही पिळायचे, पाणी काही निघेना. ‘एकमेकांले सांगा, कोण कोणत्या बाजूनं पिळते ते,’ म्हणालीस, आणि आत निघून गेलीस. शेवटी बोलावं लागलं. चादर वाळत घालेपर्यंत आम्ही हसत होतो. तू खिडकीतून बघत होतीस, पण तसं दाखवलं नाहीस.

त्या नाताळाला मी सतरा वर्षांची होते, तो बारा. केकचं मिश्रण कालवून तू डब्यात भरलंस, फडक्यानं बांधलंस. बेकरीत भाजायला न्यायची पाळी माझी होती. मी नव्या फ्रॉकची किनार दुमडत बसले होते. मी म्हटलं, ‘छोटू, तू जाय ना गा, मी तुले पहिला तुकडा देतो.’ तो लगेच उठला. बाबांची सायकल, मागे कॅरियरला डबा. बेकरीच्या अलीकडच्या वळणावर भाजी घेऊन येणारी मेटॅडोर. शेजारच्या कंपाउंडरकाकांनी येऊन सांगितलं तेव्हा तुझे हात मैद्याचे होते. ते तसेच घेऊन तू धावलीस. नंतर कुणीतरी तो डबा घरी आणून ठेवला. फडकं सुटलंही नव्हतं.

तू मला कधीच विचारलं नाहीस, आई, की पाळी तुझी असताना तो का गेला. एकदाही नाही. मी वाट बघत होते. तू विचारलं असतंस, ओरडली असतीस, तर मी रडून मोकळी झाले असते. तू माझी वेणी घालायचीस आणि गप्प राहायचीस. मग मी सगळा राग त्या ड्रायव्हरवर ठेवला. तो कुहीकडच्या एका खेड्यातला, तिशीचाही नसेल. त्याला शिक्षा झाली, काही महिने तो आत होता. त्याच काळात तू एका सुट्टीच्या दिवशी बसनं त्याच्या गावी गेलीस. त्याची बायको बाळंतीण होती, हे तुला कोर्टाच्या आवारात कळलं होतं. तू तिच्यासाठी डिंकाचे लाडू नेलेस. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

सुटून आल्यावर, दुसऱ्या वर्षीच्या ईस्टरच्या आठवड्यात तो आपल्या दारात आला. खांद्यावर तांदळाची पिशवी. फाटकाबाहेर उभा राहिला, आत येईना. तू म्हणालीस, ‘आत या.’ बाबा उठून मागच्या अंगणात गेले. तू त्याला पाट मांडलास, ताट वाढलंस. तो ताटाकडे बघत बसला, हात लावीना. मी दारात उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘यानंच मारलं त्याले, अन् तू याले जेवाले वाढून राहिली?’

तू वळलीस. आवाज चढवला नाहीस. ‘हो, वाढून राहिली. तू पाणी आण.’

मी आणलं नाही. तूच उठून आणलंस. तो माणूस खाली मान घालून रडत होता. तू त्याच्यासमोर बसून प्रार्थना केलीस, त्याच्या बाळाचं नाव घेतलंस, छोटूचंही घेतलंस, आणि मग म्हणालीस, ‘जेवा आता. भात थंड होते.’

त्यानंतर मी तुझ्याशी जवळजवळ दोन महिने बोलले नाही. एका सकाळी तू शेगडी पेटवत होतीस, कोळसे ओले होते, धूर होत होता. मी शेजारून जात होते तेव्हा तू माझ्याकडे न बघताच बोललीस. ‘तुले वाटते मले सोपं गेलं. मले नाही वाटत त्याले माफ करावंसं. सकाळी उठतो तं पहिलं पोरगंच आठवते. मंग पुन्हा करावं लागते. ही शेगडी काल पेटवली होती, म्हणून आज पेटलेली राहिली काय?’ डोळ्यांतलं पाणी धुरानं आलंय असं दाखवून निघून गेले. तुझंही तसंच होतं, हे मला फार उशिरा समजलं.

आणि मला नेमकं काय बोचत होतं, तेही उशिराच समजलं. तू त्याला मोकळं केलंस, मग त्या वळणावर उरलं कोण? मी.

तो दरवर्षी यायचा. ईस्टरनंतर एक दिवस, सकाळी, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. तू तो तांदूळ शिजवायचीस, मी त्या दिवशी पोळ्या खायचे. बाबा म्हातारे झाल्यावर त्याला ‘यंदा पाणी कसं?’ एवढं विचारायला लागले होते. बाबा गेले तेव्हा तो खांदा द्यायला आला. मी लग्न करून, नोकरी करून, शहराबाहेर बेसाला घर बांधून तुला माझ्याकडे आणलं, तर त्यानं तिथलाही पत्ता शोधून काढला. त्याचे केस पिकले, कंबर वाकली. तुझ्याशी तो पोरासारखा बोलायचा. मी चहा आतून पाठवायचे, पण समोर बसायचे नाही. तू मला कधी जबरदस्ती केली नाहीस.

आता ते सांगते. तुझ्या शेवटच्या त्या ईस्टरला तू अंथरुणाला खिळलेली होतीस. डॉक्टरांनी रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातून घरी पाठवलं होतं, आता घरीच ठेवा म्हणून. तू रोज विचारायचीस, ‘आला काय तो?’ मी तुझं अंग पुसायचे, तुझ्या तोंडात चमच्यानं पेज घालायचे, आणि तू त्याची चौकशी करायचीस. मला वाटायचं, माझ्याविषयी काही विचार ना. त्या सकाळी तो आला. दहा वाजले असतील. फाटकाशी उभा, पिशवी खांद्यावर. मी आतून कडी न काढताच उभी राहिले.

‘सिस्टरबाई कशा आहेत?’

मी म्हटलं, ‘आई म्हणते, आता येत जाऊ नका. तिला त्रास होतो.’

तो माझ्याकडे बघत राहिला. ‘बाई असं म्हणल्या?’

‘हो.’

‘पिशवी ठेवू काय इथं?’ म्हणाला. मी ‘नको’ म्हटलं. त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, एकदा तुझ्या खिडकीकडे बघितलं आणि रस्त्याला लागला. मी आत आले. तू विचारलंस, ‘कोण होतं वं?’ मी म्हटलं, ‘मीटर पाहाले आला होता.’ तू म्हणालीस, ‘येईल तो. काही काम निघालं असंल शेतात.’ त्यानंतर नऊ दिवसांनी तू गेलीस. नऊ दिवस तू वाट बघितलीस. आणि तुझ्या मातीला मी त्याला कळवलं नाही.

का केलं, याला मी खूप कारणं शोधली. खरं एकच आहे. तुझे शेवटचे दिवस मला कुणाबरोबर वाटून घ्यायचे नव्हते, आणि त्याच्याबरोबर तर नाहीच.

तुझ्यामागे संडे स्कूलचा वर्ग माझ्याकडे आला. तुझ्या मुलीला जमेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. यंदा पोरांना मी क्षमेचा धडा शिकवत होते. फळ्यावर लिहिलं, सगळ्यांनी उतरवून घेतलं. तेवढ्यात पुढे बसणारी आठ-नऊ वर्षांची एक पोरगी म्हणाली, ‘टीचर, तुमी कोणाले केलं माफ?’ तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, गं. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी घंटा लवकर वाजवली. त्याच आठवड्यात तुझ्या जुन्या डायरीतून त्याच्या गावाचं नाव काढलं आणि कुहीची बस धरली. तिथून पुढे ऑटोनं गेले.

अंगणात एक बाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली, बघत राहिली आणि म्हणाली, ‘तुमी सिस्टरबाईची पोरगी न? डोळे तेच आहेत.’ मी त्याची चौकशी केली. ‘त्याले जाऊन दोन पावसाळे झाले,’ ती म्हणाली. मला बसायला खाट दिली आणि स्वतः खाली बसली. मी न विचारताच ती सांगत राहिली. त्या वर्षी तो पिशवी तशीच परत घेऊन आला. बाई गेल्याचं त्याला महिनाभरानं कुणाकडून तरी कळलं. ईस्टर आला की तो दिवसभर या खाटेवर बसून राहायचा. ‘मी म्हणलं, काहून असे बसता? तं म्हणे, बाईनं लय वर्षं मले धरून ठेवलं. माणूसच होत्या, शेवटी थकल्या असंल. त्याहिची काही चूक नाही.’

मी तिला सांगितलं. सगळं, फाटक, मीटरवाला, नऊ दिवस. म्हटलं, ‘आई असं कधीच म्हणाली नाही. ती त्यांची वाट बघत होती. मी खोटं बोलले. मला माफ करा.’

ती सुपातले खडे एकेक करून बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, ‘हे त्याले सांगाले पाहिजे होतं, बाई. मले सांगून काय होते? तो तं तसंच समजून गेला.’ आणि उठून आत गेली. मला वाटलं, आता येणार नाही. मी निघायला उभी राहिले. ती पाण्याचा गडवा घेऊन आली. ‘पाणी प्या,’ म्हणाली, ‘चारची बस आहे, तिकडं रोडवर थांबते.’ माफ केलं असं ती म्हणाली नाही. नाही केलं असंही नाही. रस्त्यापर्यंत माझ्यासोबत चालत आली, आणि बस दिसायला लागली तेव्हा एवढंच बोलली, ‘सिस्टरबाईचा एखादा फोटो असंल तं पाठवा. त्याच्या फोटोच्या बाजूले लावतो. तेवढं तरी त्याले समजंल.’

घरी येऊन मी सगळे अल्बम काढले. तुझे फोटो बहुतेक नर्सेसच्या ग्रुपचे, त्यात तू मागच्या रांगेत. हसरा असा एकच आहे. क्वार्टरच्या पायरीवर बसलेली तू, आणि तुझ्या मांडीवर दोन वर्षांचा छोटू, तुझा पदर तोंडात घातलेला. त्याच्या तोंडातला ओला पदर तू ओढतेस आणि हसतेस. मी तो पाकिटात घातला, वर पत्ता लिहिला, पुन्हा बाहेर काढला. एकदा कात्रीसुद्धा घेऊन बसले, तुझा तेवढा भाग वेगळा करावा म्हणून. कुठून कापायचं तेच कळेना. तू त्याला इतकं धरलेलं आहेस.

पाकीट गेले तीन आठवडे टेबलावर आहे, आई. त्या बाईची माफी मी मनापासून मागितली, त्यात खोटं नव्हतं. पण तिच्या नवऱ्याला मी माफ केलं आहे, असं मला अजून म्हणता येत नाही. तू म्हणायचीस तसं रोज सकाळी करून बघते. प्रार्थनेत त्याच्या नावापर्यंत येते, आणि तिथंच थांबते.