काळा पडदा कोणी दुरुस्त करू नये

मी, सागिनबेक तुर्दुबाय उलू, वय एकाहत्तर, टेलिफोन केंद्रातला निवृत्त तंत्रज्ञ, राहणार अत-बाशी, नदीकडची गल्ली, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय नाही. नारीनच्या डॉक्टरांनी त्याबद्दल काय सांगितले ते घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीच बोलत नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने वा भरीला पडून करत नाही. मात्र एकटाही करत नाही. लॅपटॉपच्या पडद्याच्या डाव्या अर्ध्यात मी लिहितो आहे आणि उजवा अर्धा माझी धाकटी बहीण सुयुमकान हिचा आहे. तिचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेत गेला. कळफलक एकच, तो आम्ही आळीपाळीने ओढतो. तिचे म्हणणे मी जागच्या जागी उतरवीन, कारण यातले बरेचसे तिच्याबद्दल आहे.

कलम पहिले. घर, अंगण, गोठा आणि बटाट्याचे शेत धाकटा मुलगा तिलेक याला. आमच्याकडे घर धाकट्याचेच असते, मी काही नवीन करत नाही. थोरला एर्मेक लग्नातच आपला वाटा घेऊन मोकळा झाला, त्याने आता घरावर डोळा ठेवू नये. घराबरोबर सुयुमकान हिची हयातभराची जबाबदारीही तिलेककडे जाईल.

सुयुमकान लिहिते (बाइके म्हणजे थोरला भाऊ, मला ती तसेच म्हणते): "बाइके, मी काय कपाट आहे? म्हणे घराबरोबर जाईल."

मी म्हणालो, कायद्याची भाषा अशीच असते.

"मग कायद्याला सांग, कपाट कुणाला रांधून घालत नाही. मी घालते."

वाक्य तसेच ठेवतो. भर एवढीच की चुलीशेजारची खोली तिची, आणि दार वाजवल्याशिवाय तिथे कोणी शिरू नये.

कलम दुसरे. घोडी तिलेकला, मेंढ्या दोघा भावांत निम्म्या. माझा मीटर, पकडी आणि तारांची पेटी शाळेला. शेजारी कुबात याच्याकडे माझी शिडी आहे. ती त्याने गवत रचायला नेली तेव्हा आम्हा दोघांच्याही मिशा काळ्या होत्या. ती शिडी मी त्याला रीतसर देऊन टाकतो. निदान माझ्या कबरीवरून जाताना त्याला मान खाली घालावी लागू नये.

कलम तिसरे. हा लॅपटॉप. तो शाळेने भंगारात काढला होता. मोठी सिस्टीम त्यावर उभी राहीपर्यंत चहा उकळून, पिऊन, पेले धुऊन व्हायचे. ज्या बाईला "दुखतंय" म्हणायलाही मशीन लागते, तिला इतके थांबवून कसे चालेल? म्हणून मी त्यावर लिनक्स नावाची हलकी, फुकटची सिस्टीम घातली आणि वर खिडक्या मांडायला सगळ्यात हलका विंडो मॅनेजर बसवला. त्यात चित्र नाही, चिन्ह नाही, बटण नाही. सुरू झाला की काळा पडदा. मोठ्या सिस्टीममध्ये खिडक्या पाहुण्यांसाठी रचलेल्या गाद्यांसारख्या एकावर एक असतात, खालची हवी तर वरच्या सगळ्या उपसा. इथे नवी खिडकी आली की जुनी सरकून तिला जागा देते. आमच्या घरात माणसांनी एवढे केले असते तर निम्मी भांडणे झाली नसती.

सगळी मांडणी साध्या मजकुराच्या एका फाइलीत आहे. कुठली कळ दाबली की काय व्हावे, ते ओळीओळीने. एक हिवाळा त्यात गेला. एखादे चिन्ह चुकले की काहीच उभे राहायचे नाही आणि मी मशीनला शिव्या द्यायचो, सुयुमकान माझ्या पाठीवर थापट्या मारायची. तिचे हात थरथरतात, म्हणून लागणाऱ्या कळा एकमेकींपासून लांब ठेवल्या. चार चौकटींची खूण असलेली कळ धरायची आणि एक अक्षर दाबायचे. मशीन बोलते: चहा. दार लाव. गोळी दे. रोजचे शब्द मी एकेक करून माझ्या आवाजात भरले आहेत. ती लिहील तसे मशीन ते जोडते, आणि भरलेला नसेल तो शब्द मोठ्या अक्षरांत दाखवते.

कलम चौथे. तिलेकविषयी. नूरूजला, वसंतातल्या नववर्षाला, तो बिश्केकहून आला तेव्हा आम्ही नातलगांकडे गेलो होतो. परत येतो तर पडद्यावर हिरवे कुरण, निळे आभाळ आणि चिन्हांची रांग.

"अताके, मशीन मेलं होतं तुमचं," तो म्हणाला. "नुसता काळा पडदा. सगळं साफ पुसून नवीन टाकलं. मजुरी नको, बोर्सोक तळा म्हणजे झालं."

सुयुमकानने कळ धरून अक्षर दाबले. काही नाही. पुन्हा दाबले.

"एजे, आता माउसने करायचं. बघा, केवढं सोपं," तो आत्याला म्हणाला.

ती गोठ्यात गेली आणि धार काढून झालेल्या गायीची धार काढत बसली. मी सगळे शब्द नव्याने भरीपर्यंत ती चमच्याने टेबल वाजवून हाक मारत होती. पोराने वाईट हेतूने केले नाही, हे मला कळते. काळा पडदा म्हणजे बिघाड, असेच शहरात शिकवतात. पण तो चमचा माझ्या कानातून जात नाही, आणि तो राग घेऊनच मी मरेन अशी मला भीती आहे.

म्हणून तिलेक, घर तुझ्या नावावर होण्याआधी तू आत्याजवळ बसून ती फाइल पहिल्या ओळीपासून शिकावीस अशी अट मी घालत होतो. नोटरीबाई म्हणाल्या, असली अट कायद्यात टिकत नाही. तेव्हा ती बापाचा शब्द म्हणून राहू दे. त्या नूरूजनंतर केलेली मशीनची नक्कल पिठाच्या डब्यामागे एका पेन ड्राइव्हवर आहे. सुधारणा म्हणून काही करू नये. कुरण तर नकोच.

कलम पाचवे. माझ्या आवाजाविषयी. धाकटी सून आयजारकिन स्वयंपाकघरात तिलेकला म्हणत होती, मला झोप लागली असे समजून: "ते गेल्यावर त्यांचाच आवाज घरात चहा मागणार? पोरं घाबरतील. मीसुद्धा." ती चुकीचे बोलली नाही. गेलेल्या माणसाने घरात दार लावायला सांगत राहू नये. म्हणून चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला की माझा आवाज काढून टाकावा आणि तेच शब्द आयजारकिनने भरावेत.

सुयुमकानने कळफलक ओढला. "ती भरणार नाही, लाजेल. आज भरते, उद्या भरते करत राहील. तोवर मी चमचा वाजवू? आणि चाळीस दिवसांनी तू काय जास्त मरणार आहेस?"

तिच्यावर जीव टाकणाऱ्या माणसांच्या घरातच ती पुन्हा मुकी होईल, ही एकच काळजी मला पोखरते आहे, आणि कुठल्याही कलमाने ती जात नाही.

कलम सहावे. अंत्यविधी. माझ्या जेवणावळीसाठी घोडी कापू नये, मेंढी पुरे. रीतीप्रमाणे अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारावा. त्यात मृताजवळ बसून घरातल्या बायका कोशोक, म्हणजे गेलेल्याचे शोकगीत, म्हणतात. सुयुमकानचा कोशोक ऐकायला एकेकाळी वरच्या गावांतून बोलावणी येत. माझी बायको गेली तेव्हा तिने असा कोशोक म्हटला की कबर खणणारे थांबले होते. आता ती म्हणू शकत नाही, आणि तिच्यासमोर परक्या बाईने माझा कोशोक म्हणावा हे मला नको. म्हणून तंबूत शांतता असावी.

सुयुमकान लिहिते: "मी म्हणणार आहे."

"कशाने?"

"तू वाचलास ना सगळा."

या शरद ऋतूत ती मला भरायला नवे शब्द देत होती. खिंड. रिकामे खोगीर. पाठीराखा. पोरकी. मागे वळून बघ. मला वाटले, नातवंडांसाठी काही गाणे रचत असेल. "पाठीराखा" म्हणताना मला खोकला आला, तर तिने तो पुन्हा वाचायला लावला. मी वैतागून म्हणालो, "एवढं काय अडलंय त्या शब्दावाचून?" तिने नुसते बोटाने दाखवले, वाच. आज इथे बसून मला कळले की मी माझाच कोशोक एकेक शब्द करून वाचून दिला आहे.

मी म्हणालो, दाखव. तिने कळ दाबली, मागचा पडदा पुढे आला. मी चष्मा चढवीपर्यंत तिने दुसरी कळ दाबून तो परत मागे ढकलला.

"ज्याचा असतो त्याने ऐकायचा नसतो, बाइके."

सबब कलम पाचवे मी रद्द करतो. तो आवाज आता तिचा आहे. ठेवायचा की काढायचा, कधी आणि कोणाचा घालायचा, हे तिने ठरवावे. आयजारकिन, पोरी, मला माफ कर.

तिलेक, तंबू उभा राहिला की बॅटरी पूर्ण भरून मशीन आत नेऊन आत्यासमोर ठेव. कुठलीही कळ दाबू नकोस. मग बाहेर ये आणि मुलाने उभे राहायचे तसे काठी टेकून दाराशी उभा राहा. आतून माझा आवाज येईल, तुझ्या बापासाठी रडणारा. घाबरू नकोस. ती तुझी आत्या आहे.

हे मी पूर्ण वाचून, समजून, छापलेल्या प्रतीवर सही करतो.

ठिकाण: अत-बाशी, जिल्हा नारीन
तारीख: १९ नोव्हेंबर २०२२

सही: सागिनबेक तुर्दुबाय उलू

साक्षीदार: १. झामिरबेक ओसमोनोव, शाळेचे मुख्याध्यापक
२. तुर्सुनाय काचकीनोवा, परिचारिका

(सुयुमकान लाभार्थी असल्याने तिची साक्ष चालत नाही, असे नोटरीबाईंनी सांगितले. तिने सही मागितली नाही. उजव्या अर्ध्यात तिने लिहिले ते एवढेच: "सावकाश जा.")