उजव्या गालावरची चामखीळ

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणे आणि प्रतिष्ठितांची झोप उडवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो वाचून माझ्या मुलाला नवल वाटेल, पण त्याला माझा नाइलाज आहे.

राहते घर व बँकेतली शिल्लक मुलाला. घरी साहेब जेवायला येतात म्हणून त्याने माझे एकही चित्र बैठकीच्या खोलीत लावले नाही. राग नाही. त्याच्या साहेबांचे मी काढलेले चित्र कपाटात आहे, तेही त्यालाच.

छापयंत्र, कोरण्या, भिंग आणि खिडकीजवळचे टेबल मुलीला. कोरण्यांना सूनबाईंनी हात लावू नये. एकदा त्यांनी त्यातल्या एकीने डब्याचे झाकण उचकटले होते, ते मी विसरलेलो नाही.

आता नगराध्यक्षांचा पत्रा. एकाच कोरड्या नळाचे तिसऱ्यांदा उद्घाटन करणारे नगराध्यक्ष मी कागदावर काढले, डाव्या गालावरच्या चामखिळीसकट. पत्र्यावर आधी माझे नाव कोरले, कारण ते मी नेहमीच आधी कोरतो. मग अंगठा कापला, म्हणून चित्र मुलीने कोरले. तेव्हा ती वीस वर्षांची होती. छापताना चित्र उलटे होते, त्यामुळे पत्र्यावर ते आरशात बघून कोरायचे असते. तिने ते सरळ कोरले आणि छापात चामखीळ उजव्या गालावर गेली. मी तिला नाही नाही ते बोललो, आठ दिवस अबोला धरला. टेबलावरचा आरसा दाढीसाठी मीच नेला होता, हे मात्र बोललो नाही.

चित्र ज्या साप्ताहिकासाठी होते त्याला थांबायला वेळ नव्हता. चित्र तसेच छापले गेले, नगराध्यक्षांनी बदनामीचा दावा लावला आणि संपादक आजारी पडले. न्यायाधीशांनी भिंगातून चित्र पाहिले, मग नगराध्यक्षांचा गाल पाहिला.

"चामखीळ दुसऱ्या गालावर आहे. हे तुम्ही कशावरून?"

"अहो साहेब, मीच आहे तो! सगळं गाव ओळखतंय!" नगराध्यक्ष ओरडले. कोर्ट पोट धरून हसले आणि दावा फेटाळला गेला.

बाहेर बातमीदाराने विचारले, "ही युक्ती कुणाची?"

मी म्हणालो, "माझी."

मुलगी माझी पिशवी धरून शेजारीच उभी होती. घरी येताना एवढेच म्हणाली, "बाबा, अंगठा दुखतोय का अजून?"

त्या एका शब्दावर मी एकतीस वर्षे हारतुरे घेतले. आज कलाशाळेतली पोरे मंत्र्यांचे तीळ मुद्दाम उलट्या गालावर काढतात आणि त्याला माझी शैली म्हणतात. ती शैली माझी नाही, माझ्या मुलीची आहे. चित्र माझे, त्याचा मला अभिमान आहे. पण माझा हात तिच्या हातात उतरला आणि माझ्यापेक्षा पक्का झाला, याचा अभिमान त्याहून मोठा आहे. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, याची मला लाज वाटते.

नगराध्यक्षांचा नातू हा पत्रा वितळवण्यासाठी मागतो आहे. त्याला एक छाप चौकटीत घालून द्यावा. चामखीळ घराण्यात उतरली आहे, गालही आजोबांचाच, डावा.

पत्रा मुलीचा. अट एकच: खालचे माझे नाव तिने खरवडून काढावे, जागा घोटून गुळगुळीत करावी आणि तिथे स्वतःचे कोरावे. आरसा मी टेबलावर परत ठेवला आहे.

स्थळ: कामाची खोली.
दिनांक: अकरा मार्च.

सही: नगराध्यक्षांचा चित्रकार

साक्षीदार:
१. शेजारचे डॉक्टर ("काका, हे खरंच लिहायचं?" असे दोनदा विचारून)
२. साप्ताहिकाच्या छापखान्यातले बाइंडर, ज्यांना हे एकतीस वर्षे ठाऊक होते