आसूर आणि मुतार

बेर शेवा,
मंगळवार, १२ जानेवारी १९९९

प्रिय जूडिथताई,

शालोम. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही ओफाकिमला सगळे बरे असाल. माझं अक्षर दिसलं तर पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता नओमीकडून लिहून घेतला. बायकोच्या अक्षराआड लपणारा इंजिनियर म्हणून हसायचं तर हस, पण वाच.

नओमीचा गुडघा आता पुष्कळ बरा आहे. रोश हशानाला, नव्या वर्षाच्या सणाला, तिनं हलवा पाठवला होता, ती ताटली तू करंज्या घालून परत केलीस. त्यातल्या पाच मी एकट्यानं खाल्ल्या. सहा वर्षं ही ताटली दोन घरांत ये-जा करते आहे, कधी रिकामी येत नाही आणि तिच्याबरोबर एक शब्दही येत नाही. गेल्या महिन्यात तुझी नात, रूतची हिला, इथे बाजारात भेटली. आजी कशी आहे म्हणून मी मराठीत विचारलं, तर पोरगी हिब्रूत म्हणाली, "बेसेदेर." ठीक आहे म्हणे. मराठीला हिब्रूत उत्तर द्यायची खोड तिनं कुठून घेतली, ते तुला ठाऊक आहे आणि मलाही.

मी डिसेंबरअखेर रिटायर झालो. ऑफिसनं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ.

बरं, आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात तुमच्या नव्या रस्त्यावर एक सकाळभर वाहतूक बंद होती. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. रस्त्यावर हवाई दलाचं विमान उतरलेलं, आणि मागे तुमच्या गावची पाण्याची टाकी. तू पाहिलाच असशील. तेव्हापासून मी हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

तो रस्ता अडीच किलोमीटर इतका सरळ का आहे, हे आता साऱ्या देशाला कळलं. लढाईत विमानतळ मोडला तर विमान तिथे उतरावं म्हणून. डांबर जाड आहे ते त्यासाठी. दिव्याचे खांब चार-चार बोल्टांवर उभे आहेत, माणसं पाना घेऊन आली की तासाभरात आडवे. मधल्या सिमेंटच्या ठोकळ्यांना लोखंडी कड्या आहेत, क्रेननं उचलायला. उद्घाटनाच्या दिवशी त्या कड्या बघून तू विचारलं होतंस, "पाळणे टांगायचेत का रे?" मी हसलो नाही. ते ड्रॉइंग माझं होतं आणि त्याबद्दल बोलायचं नाही अशा कागदावर माझी सही होती.

त्याच दिवशी तू मला बाजूला घेतलंस. म्हणालीस, "नेहेम्या, रस्त्याच्या मध्ये गुलमोहर लाव. बावीस झाडं. माझ्या योनातानच्या वर्षांची." जुन्या रस्त्याच्या त्या वळणावर तुझा मुलगा गेला त्याला पाच वर्षं झाली होती. लष्करातून सुटून त्याला पुरते तीन महिनेही झाले नव्हते. तू दारोदार फिरून चारशे बारा सह्या गोळा केल्या होत्यास, नवा रस्ता द्या म्हणून. आणि मी, तुझा धाकटा भाऊ, तुझ्या मराठीला एका शब्दाचं हिब्रू उत्तर दिलं. "आसूर." मनाई आहे.

"भावाला विचारलं, उत्तर ऑफिसनं दिलं," म्हणालीस. आणि जाता जाता, "असुरच आहेस तू." तिथून आपलं बोलणं संपलं.

तुला ते वर्ग आठवतात? १९६७ साल, आपण ठाण्याहून नुकते आलेले, योनातान तुझ्या मांडीवर. हिब्रू शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. आसूर म्हणजे मनाई. तू मला कोपरानं ढोसलंस. मग दुसरा लिहिला, परवानगीचा. मुतार. त्यांनी तो तीनदा सगळ्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणवून घेतला आणि आपण दोघं बाकाखाली गेलो. बाईंना काही केल्या कळेना की या हिंदुस्थानी माणसांना परवानगीचं एवढं हसू का येतं.

ताई, दोन गोष्टी मी तुला सांगितल्या नाहीत. पहिली मला बरी दाखवणारी आहे, म्हणून ती आधी लिहितो. दुसरी तशी नाही.

हवाई दलाला सरळ रस्ता हवा होता, तो तुमच्याच गावाला हवा होता असं नाही. पहिली जागा तीस किलोमीटर दक्षिणेला होती, रिकाम्या वाळवंटात. तिथून कुणी कामाला जात नाही, कुणाचा मुलगा घरी येत नाही. मी तुझ्या सह्यांचे कागद घेऊन त्स्वीकडे गेलो. त्स्वी म्हणजे आमचा साहेब. त्याला म्हटलं, विमान वर्षातून एकदा येईल नाहीतर कधीच येणार नाही, बस रोज येते. रस्ता करायचाच आहे तर जिथे माणसं मरतात तिथे करू. सात महिने मी हेच बोलत होतो. मिटिंगमध्ये माझं तोंड उघडलं की लोक छताकडे बघत. शेवटी मंजूर झालं. तू सगळ्यांना सांगत होतीस की हा रस्ता माझ्या सह्यांनी झाला, आणि लोक मागे हसत. त्यांना सांग, फाईलमध्ये तुझे कागद विमानांच्या कागदांच्या वर लावलेले होते. मी स्वतः लावले. रस्ता उघडल्यापासून तिथे एकही माणूस गेलेला नाही. दर वर्षी मी आकडे मागवून बघतो.

पण विमानाला पंख असतात, आणि पंखांच्या वाटेत झाड चालत नाही. रस्ता तुझ्यासाठी मिळवला आणि त्यापायीच झाडं गेली.

आता दुसरी. तो सरळ भाग गावाच्या फाट्याअलीकडे तीनशे मीटरवर संपतो. तिथून दिवे बोल्टांवर नाहीत, पक्के गाडलेले आहेत. तिथे झाडं चालली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. गुपित न फोडता मी तुला एवढंच म्हणू शकत होतो की मध्ये नको, फाट्यावर लावू. त्यासाठी एक अर्ज करावा लागला असता. तो मी केला नाही. सात महिने एकच हट्ट धरून बसलो होतो, आता हिंदी इंजिनियर भाच्यासाठी झाडंही मागतो असं कुणी म्हणेल याची भीती वाटली. हवाई दलाशी भांडलो आणि एका अर्जाला घाबरलो. सहीच्या कागदामागे सहा वर्षं लपलो, पण त्या कागदानं मला इतकं गप्प बसायला कधीच सांगितलं नव्हतं. माझं चुकलं ताई. योनातानला सायकल मी शिकवली, आणि त्याच्या झाडांसाठी मला एक पान लिहिता आलं नाही.

रिटायर व्हायच्या आधीच्या आठवड्यात मी तो अर्ज केला. त्स्वीनं वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे सहा वर्षांपूर्वी का नाही मागितलंस? मी तेव्हाच दिलं असतं." रागावला असता तर बरं वाटलं असतं.

काल कागद आला. फाट्याच्या दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. रोपवाटिकेत जाऊन गुलमोहर बघून आलो. इथल्या थंडीत पहिली दोन वर्षं जरा कुरकुरतील, पुंठ्याचा आडोसा करावा लागेल, मग धरतील. कागदाच्या शेवटच्या ओळीत, खाली शिक्का आणि वर टाइप केलेला एकच शब्द. मुतार. मी पासष्ट वर्षांचा माणूस स्वयंपाकघरात एकटा हसत सुटलो. नओमी धावत आली. ती आपल्या वर्गात नव्हती, मला तिला नीट सांगताही येईना, आणि सांगता सांगता मला रडू आलं. हा विनोद मी तुझ्याशिवाय या देशात कुणाबरोबर हसू, ताई? मला तुझी फार आठवण येते.

झाडांचा सण सोमवारी, १ फेब्रुवारीला आहे, आपल्या एलियाहू हनबीला गोड पोह्यांचा मलिदा ठेवायचाही तोच दिवस. सकाळी नऊला मी फाट्यावर असेन. फावडी, पाणी, पुंठे माझ्याकडे आहेत. मलिदा मात्र तूच कर, नओमी नारळ कमी घालते. हिलालाही आण. तिला मी मराठीत खड्डे मोजायला लावणार आहे. त्या सबंध रस्त्यावर मी जे जे लावलं ते उचलून नेता येईल असं लावलं. ही बावीस झाडं तशी लावायची नाहीत.

ताटली परवा नओमी घेऊन येते आहे. यायचं नसेल तर तिच्यात चिठ्ठी टाक, त्यावर "आसूर" लिही, मला समजेल. यायचं असेल तर दुसरा शब्द लिही.

तुझा धाकटा भाऊ,
असुर नेहेम्या