‘बरं आहे’ म्हणणाऱ्याला बियाण्याचं गाडगं नाही

मी, खाली सही करणारी, चौथी शिकलेली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दाबाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहिते. अर्ज लिहिणाऱ्याने करून दिलेल्या नमुन्यात ‘प्रकृती बरी असताना’ असं घातलं होतं. ते मी खोडलं. बरी असते तर उद्या पोट कापून घ्यायला कशाला निघाले असते? शिवाय ‘बरं’ हा शब्द या घरात बंद आहे.

का, ते सांगते. पीक पाहायला साहेब आले. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काचेतून विचारलं, “काय काका, पीक कसं आहे?” आमचे हे हात जोडून म्हणाले, “बरं आहे साहेब.” मागे ज्वारी कणीस बाहेर पडायच्या आधी, पोटरीतच करपून उभी! साहेबांनी ‘पीक बरे’ लिहून नेलं आणि साऱ्या गावाचं मदतीचं धान्य अडलं. विचारलं तर हे म्हणतात, “अगं, घरचं उणं चारचौघांत कशाला?” म्हटलं, आता चारचौघांच्या ताटात तुमची अब्रूच वाढा.

१. घर यांच्या हयातीत यांचं, मग लेकीचं. मुलगा नाही याची हळहळ जाऊबाईंनीच इतकी केली की मला करायला उरली नाही.

२. माझं खुरपं जाऊबाईंकडे आहे. “आत्ता देते” म्हणून मागच्या सुगीत नेलं. ते त्यांना दिलं असं कुणी समजू नये. लेकीने मागून आणावं, तेही धार लावून.

३. ज्वारीच्या बियाण्याचं गाडगं लेकीला. बी राखेत घोळलंय, तोंड मातीने लिंपलंय. कमी पाण्यावर येणारं हे बी बाजारात मिळत नाही. घरातलं खायचं धान्य पेरणीपर्यंत पुरत नाही, हे मला दिसतंय. मग हे म्हणतील, “मूठभर काढलं तर काय होतंय?” मुठीमुठीनेच गाडगं रिकामं होतं. उसनं आणा, मजुरीला जा, लिंपण फोडायचं नाही. गाडगं लेकीच्या खाटेखाली राहील.

४. यापुढे पेन घेऊन कुणी दारात आलं तर उत्तर द्यायचा हक्क लेकीचा. यांनी तेवढा वेळ गोठ्यात जाऊन बसावं.

इथवर लिहिलं तोच हे दारात आले. “कसं वाटतंय?”

“भीती वाटते,” मी म्हटलं. वाटलं, आता म्हणणार, होईल सगळं बरं. पण हे खालीच बसले. म्हणाले, “मलाही. आणि त्या गाडग्याचं म्हणशील तर माझा भरवसा धरू नकोस. भूक वाईट.”

जन्मात पहिल्यांदा विचारल्यावर खरं बोलले. म्हणून हे जादा कलम.

५. गाडगं लेकीचंच. पण पाऊस झाल्यावर पेरायला हात यांचाच लावावा. हात चांगला आहे. तोंडाचंच काय ते वाईट.

सही: मी स्वतः, अंगठा नाही.
साक्षीदार: समोरचा चक्कीवाला (दळायला काही नाही, म्हणून हाकेसरशी आला), शेजारच्या शिंपीणबाई.
ठिकाण: आमची ओसरी.
तारीख: दवाखान्यात जायचा आदला दिवस. आभाळ कोरडं.