मास्तरांचे शनिवार

रविवार, ७ सप्टेंबर. दुपार.
चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, मास्तरांकडे आठवड्यातून एकदा कोण जाईल? अख्ख्या मंडळीत पहिला हात माझा. (दुसरा कुणाचा वर आलाच नाही. पण पहिला तो पहिलाच.)
मास्तर म्हणजे चर्चच्या शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर. बायको गेली, मूलबाळ नाही. गेल्या वर्षी डावं अंग लुळं पडलं. तिसऱ्या मजल्यावर एकटे असतात. सकाळी एक बाई स्वयंपाक करून जाते, मग दिवसभर ते आणि भिंती. काम एवढंच: शनिवारी चारला जायचं, दाढी करून द्यायची, पाय धुवायचे, बायबलमधलं वचन वाचून दाखवायचं.
देवावर प्रेम आहे म्हणतो ना आपण? मग ते हातापायांतून दिसायला हवं. यापुढे प्रत्येक शनिवार देवाचा.
हिला सांगितलं. ही म्हणाली, स्वतःची दाढी करताना रोज कापून घेता, त्यांचं काय करणार? या घरात उत्तेजन म्हणून मिळायचं नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर.
नवी वही आणली. वर झोकात लिहिलं: सेवा. दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांना शनिवारबद्दल सांगितलं. चौथ्या आजीबाई म्हणाल्या, ते राहू द्या, आधी चष्म्याची दांडी घट्ट करा.

शनिवार, १३ सप्टेंबर. संध्याकाळी ६.
गेलो! तीन जिने. मास्तरांना सेवा या विषयावर चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. गाल फार सैल पडलेत, ब्लेड लावायचा धीर झाला नाही. पायांचं म्हणाल तर (ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो) मोजे काढले, वास आला आणि तोंड फिरवलं. पुन्हा चढवले. पुढच्या वेळी सगळं सामान घेऊन येतो म्हणालो. ते म्हणाले, चालेल.
प्रार्थना मात्र भरपूर केली. जिना उतरताना इतकं हलकं वाटलं! सेवेचा आनंद म्हणतात तो हाच.

शनिवार, २० सप्टेंबर.
घशात खवखव. अशक्त माणसाकडे आजार घेऊन जाणं हा गुन्हा आहे. न जाणं हीसुद्धा सेवाच. मास्तरांसाठी पडल्या पडल्या प्रार्थना केली. तेवढ्यात डोळा लागला.

बुधवार, २४ सप्टेंबर.
हिला यायला आजही उशीर. विचारलं तर म्हणे काम होतं. भात गार. सेवा करणाऱ्या माणसाला निदान घरात ऊन ऊन वाढायला नको?

शनिवार, २७ सप्टेंबर.
घसा साफ. वेळेवर निघालो. वाटेत लक्षात आलं की तीन जिने आणि हे झिजलेले बूट, पाय घसरला तर मास्तरांना दुसरं कोण आहे? बुटांच्या दुकानात शिरलो. एक जोड चावत होता, एक सैल. योग्य माप मिळेपर्यंत साडेपाच. आता जाऊन त्यांची झोपमोड कशाला. पुढच्या शनिवारी नक्की. बूट उत्तम आहेत.

रविवार, २८ सप्टेंबर.
आजचा दिवस जपून ठेवावा असा. पाळकसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मास्तर फोनवर त्यांना म्हणाले म्हणे, तुमच्याकडून येणं असतं हो, मला माणसात आणलं, दाढी किती सफाईने होते!
मी काहीतरी बोलणार होतो, पण मागे लोक उभे होते.
घरी येऊन विचार केला. एकाच भेटीचा त्या जिवावर एवढा परिणाम झालाय की त्यांना मी नेहमी येतो असं वाटतं. दाढीचं कळलं नाही. या वयात भास होतात.
पुढच्या रविवारी पाच मिनिटं साक्ष द्यायची आहे, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायचा. विषय: आनंदाने केलेली सेवा.

शनिवार, ४ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.
दुपारपासून साक्ष लिहीत बसलो. बहिणीकडे जाताना हिने विचारलं, आज शनिवार ना? म्हटलं, एवढा परिच्छेद झाला की निघतोच. चार वाजले तेव्हा थोडं टोचलं. पण एकीकडे एकटे मास्तर, दुसरीकडे दोनशे माणसं, ज्यांच्यात माझ्या शब्दांनी सेवेची इच्छा जागी होणार. हिशेब सरळ होता.
चारच्या सुमारास फोन वाजला. मास्तरांचा असावा. घेतला नाही. तंद्री मोडली असती.
अकरा पानं झाली.

रविवार, ५ ऑक्टोबर. दुपार.
साक्ष चांगली झाली. पुढच्या बाकावरच्या दोघी रडल्या.
मग पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. मास्तर काल पडले. शनिवार आहे, कुणीतरी येईल, म्हणून कडी काढून ठेवायला उठले होते. तोल गेला. खाली शिवणकाम करणाऱ्या बाईंना काठी आपटल्याचा आवाज आला तेव्हा सहा वाजले होते. खुब्याचं हाड मोडलंय.
पाळकसाहेबांनी विचारलं, काल तुम्ही किती वाजता गेला होता?
मी म्हणालो, जरा उशीर झाला.
उशीर! जेवण गेलं नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर.
दुकानात एकाला उजव्याची काच डाव्या डोळ्याला बसवून दिली. तो म्हणाला, सगळं वाकडं दिसतंय. मी म्हणालो, सवय होईल. नंतर रस्त्यापर्यंत धावत जाऊन त्याला परत आणलं.
संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. फोनचंसुद्धा. ती म्हणाली, दर बुधवारी मास्तरांकडे मी जात होते.
मास्तरांच्या स्वयंपाकाच्या बाई तिला बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, तुमचे हे आले होते, खूप बोलले. ते ऐकून ही गेली. दाढी हिने केली. पायही हिनेच धुतले. म्हणजे पाळकसाहेबांनी माझा हात धरला तो खरं तर हिचा.
मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?
"सांगितलं असतं तर तुम्ही साक्षीत घातलं असतं."
मग तीच रडायला लागली. म्हणाली, तुम्ही जाणार नाही हे मला कळलं होतं, तरी मी बहिणीकडे निघून गेले. तिने कशाला रडावं? पण तिला तसं म्हणायचीही माझी लायकी नव्हती.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.
हॉस्पिटलला गेलो. माफीनामा खिशात, तीन पानी. वॉर्डच्या दारापर्यंत पोचलो. बाकावर वीस मिनिटं बसलो. नेलेली फळं वॉचमनला दिली. वॉचमन भला माणूस आहे.
भला असेल नाहीतर नसेल. मी पळालो.

बुधवार, ८ ऑक्टोबर.
पाळकसाहेबांना खरं सांगितलं. म्हटलं, येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून कबूल करतो. ते म्हणाले, तुम्ही आता थोडे दिवस उभे राहू नका. जे सांगायचंय ते मास्तरांना सांगा.

शनिवार, ११ ऑक्टोबर. रात्री ८.
गेलो. चारला पाच मिनिटं कमी होती.
मास्तरांचं ऑपरेशन झालंय. उशीत तोंड एवढंसं दिसत होतं. मी कागद काढून वाचायला लागलो, "मास्तर, माझ्या हातून फार मोठी..." ते म्हणाले, "ते नंतर. आधी खाटेखालचं भांडं द्या. लवकर."
सिस्टर दुसऱ्या टोकाला होती. दिलं. मला धरता येईना. थोडं चादरीवर सांडलं, थोडं माझ्या बाहीवर. मास्तर छताकडे बघत होते. डोळ्यांच्या कडा ओल्या. आयुष्यभर फळ्यासमोर ताठ उभा राहिलेला माणूस, आणि त्याला माझ्यासमोर लाज वाटत होती. माझ्यासमोर!
चादर बदलली. हात धुऊन आलो. त्यांनी विचारलं, काय सांगत होता?
कागद ओला झाला होता. म्हटलं, मागच्या शनिवारी मी आलो नाही.
"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "मी तिथेच होतो."
रागावले नव्हते. नुसतं सांगितलं, बेरीज सांगावी तसं. माफ केलं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, कुशीवर वळवा, पाठ दुखतेय. वळवलं. चुकीच्या बाजूला वळवलं. पुन्हा वळवलं. मग त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सहापर्यंत सोडलं नाही. वचन वाचायचं राहूनच गेलं.
निघताना त्यांनी विचारलं, बुधवारी तुमच्या मिसेस येतील ना? त्यांचा हात हलका आहे.
म्हटलं, येतील. मीही येईन.
ते म्हणाले, बघा.
घरी येऊन शर्ट मीच धुतला. ही दारातून बघत होती.
हे कुणाला सांगायचं नाही. इथे लिहिलं, तेवढं चालत असावं.