दोन भावांचे दात ज्याचे त्याला, मागितल्यास

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंदा कवळ्या बनवणे, हे मृत्युपत्र माझ्या कार्यशाळेत बसून, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दडपणाबद्दल सांगायचे तर माझ्यावर दडपण आणील असा माणूस या गल्लीत अजून राहायला आलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम १. वडिलांनी बांधलेल्या या घराचा खालचा मजला माझ्या नावावर आहे. मधल्यावर माझा थोरला भाऊ राहतो, वरच्यावर धाकटा. मी दोघांहून मोठी. माझ्या मागे खालचा मजला दोघांना मिळून द्यावा. मध्ये भिंत घालू नये. पडदाही लावू नये. तो लावतील, मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

कलम २. बँकेत जे काही असेल ते माझ्या दोघी भावजयांना निम्मे निम्मे. त्यांनी या दोघांबरोबर संसार केला, हे कारण पुरेसे आहे.

कलम ३. पॉलिशचे यंत्र समोरच्या कवळीवाल्यास द्यावे. या गृहस्थांनी दुकान उघडताच पाटी लावली, 'येथे न हलणाऱ्या कवळ्या मिळतील.' रोख कोणावर होता ते गल्लीतल्या मांजरालाही समजले. यंत्र चालू केले की टेबलासकट हलते आणि हळूहळू दरवाजाकडे निघते. त्यांनी ते धरून बसावे.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. माझे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. जिन्यातली खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून वाजले, आणि दोघेही वडिलांवर गेलेले. तेव्हापासून त्यांचे बोलणे मी वाहते. थोरला म्हणतो, "ताई, त्या गृहस्थाला सांग, खुर्च्या सरकवू नकोस, डोकं उठतं." मी वर जाते. धाकटा म्हणतो, "त्याला सांग, डोकं असेल तर उठेल." मी खाली येते आणि सांगते, "तो बघतो म्हणाला." माझे गुडघे या संसारात गेले.

माझ्या मागे हे कोण करणार? भावजयांनी केव्हाच हात टेकले आहेत. दोघे म्हातारे एकावर एक मजल्यांवर मुकाट बसून राहतील, या काळजीने मला झोप येत नाही. हे मृत्युपत्र खरे म्हणजे एवढ्यासाठीच आहे.

कलम ५. दोघांच्याही कवळ्या मीच केल्या. एकदा दोन्ही पॉलिशला आल्या होत्या. दोघे नेमके एकाच वेळी न्यायला आले. एकमेकांचे तोंड बघायचे नाही म्हणून टेबलाकडे पाठ करून उभे राहिले आणि हात मागे करून चाचपत कवळीची एकेक वाटी उचलली. माझे हात मेणात होते. "अरे, बघून घ्या!" मी ओरडले. थोरला म्हणाला, "बघण्यासारखं काय आहे तिथे?" आणि दोघे गेले. जबडा दोघांचा वडिलांचाच, त्यामुळे दात कसेबसे बसले. पण थोरल्याच्या तोंडात धाकट्याचे, आणि धाकट्याच्या तोंडात थोरल्याचे.

दुसऱ्या दिवशी दोघांना पाहताच मी ओळखले. सांगायला मधल्या मजल्यावर गेले, तर थोरला हळू आवाजात बायकोची चौकशी करत होता. धाकट्याचे दात त्याला सैल होतात. ओरडले की खालची पंगत उडी मारते. म्हणून त्याने ओरडणे सोडले, आणि ओरडायचे नाही म्हटल्यावर समोरच्याचे ऐकून घेण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नाही. भावजय मला दारात धरून म्हणाली, "ताई, काय केलंत हो? देवमाणूस झालाय!"

वर गेले. थोरल्याचे दात लांब, त्यामुळे धाकट्याचे ओठ मिटत नव्हते. तो आयुष्यभर कपाळाला आठ्या घालून हिंडलेला माणूस, आता सदा हसल्यासारखा दिसू लागला. रस्त्यात लोक उलटून हसत. तो बुचकळ्यात पडे, आणि एवढे लोक आपल्याला बघून खूश होतात तर आपल्यात काहीतरी असणार, असे वाटून खरोखरच खुशीत आला. गायनाच्या वर्गाला नाव घातले. अदलाबदलीचे काही न सांगता मी खाली आले.

बाहेर मात्र बोभाटा झाला की बाईंना सख्ख्या भावांच्या कवळ्या नीट करता येत नाहीत. गिऱ्हाइके समोर गेली. मला राग आला, अजून येतो. तोंडात आहे हे विसरायला लावील ती खरी कवळी, आणि सुखही तसेच, मापात बसलेले, कुठे न बोचणारे, असे मी जन्मभर सांगत आले. माझ्याच घरात दोन माणसे चुकीच्या मापाचे दात घालून मजेत जगून दाखवतात, याला काय म्हणावे? मी कारागीर आहे.

कलम ६. सबब, ते दात माझ्या मिळकतीत नाहीत व मला ते कोणाला देता येत नाहीत. ज्याला आपले परत हवे असतील त्याने दुसऱ्याकडे स्वतः, समोर उभे राहून, तोंडाने मागावेत. चिठ्ठी, वकील, बायको चालणार नाही. पहिले वाक्य 'माझे दात दे' एवढेच झाले तरी चालेल. बोलणे कुठूनतरी सुरू व्हावे.

सही करण्यापूर्वी वाढवलेला मजकूर. साक्षीदाराने फक्त सही करायची असते, मजकूर वाचायचा नसतो. हे मी साक्षीला बोलावलेल्या सलूनवाल्यांना सांगितले होते. त्यांनी वाचला, आणि दुसऱ्या दिवशी थोरल्याची दाढी करताना बोलून गेले. थोरला अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन माझ्यापुढे उभा.

"ताई, माझ्या तोंडात त्याचे दात आहेत?"

"आहेत."

"आणि तो गावभर माझ्या दातांनी हसतोय?"

"हो."

तो तडक वरच्या मजल्यावर गेला. 'माझे दात दे' मला खाली ऐकू आले. मग अदलाबदल झाली. दोघांनाही आपापले दात चपखल बसले, आणि तासाभरात दोघांनी घर डोक्यावर घेतले. थोरला सलूनवाल्यांवर असा ओरडला की त्यांनी वस्तरा खाली ठेवला. धाकट्याच्या आठ्या परत आल्या आणि गायनाच्या वर्गातून त्याला विचारले, घरी कुणी गेले का. संध्याकाळी दोघी भावजया मिळून रडत माझ्याकडे आल्या.

रात्रीच्या जेवणाआधी दोघा भावांनी, समोरासमोर बसून, दात पुन्हा बदलले. तेव्हापासून दोघे वर बोलत असतात. काय बोलतात कळत नाही, एकाचे दात सुटतात, दुसऱ्याचे ओठ मिटत नाहीत. कलम ६ रद्द समजावे.

माझे काम झाले. हे मृत्युपत्र ज्यासाठी लिहिले ते मरायच्या आधीच मिळाले, म्हणजे मी सुखी असायला हवे. पण चार दिवस झाले, कोणी निरोप दिला नाही. गुडघे दुखत नाहीत. खाली बसून मी वरच्या खुर्च्यांचा आवाज ऐकते आणि मला वाईट वाटते. फार वाईट वाटते. ज्या जिन्याला मी रोज शिव्या घातल्या त्यावरच माझे सगळे चालले होते, हे मला कोणी सांगितले नाही.

हे लिहीत असतानाच थोरल्याने वरून हाक मारली, "ताई, वर ये!"

मी विचारले, "निरोप काय आहे?"

"निरोप नाही गं. नुसती ये."

वर जायचे आहे, म्हणून इथेच सही करते.

सही: (ताई)

साक्षीदार १: सलूनवाले. मजकूर वाचून सही केली, असे त्यांनीच लिहायला लावले.
साक्षीदार २: समोरचे कवळीवाले. कलम ३ बोटाने झाकून सही घेतली.

ठिकाण: खालचा मजला, कार्यशाळा
दिनांक: महिन्याचा तिसरा मंगळवार, सलून बंद असल्याने